गाडी गार असतानाच

आमच्या ह्यांच्याइतका गाडीवर जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. संसारात मी आधी आले, गाडी नंतर आली, पण मान पहिला तिचा. रविवार उजाडला की बादली आणि फडकी घेऊन स्वारी खाली. मी गॅलरीतून ओरडायची, "अहो, तिचे लाड झाले असतील तर चहा घ्यायला या!" ढिम्म हलायचे नाहीत. मग तिला चकचकीत करून दुपारी आम्हाला खडकवासल्याला फिरवून आणायचे, तेही आम्ही चपला झटकून बसलो तरच.

हे निवृत्त झाले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गाडीला एक खोड लागली. सकाळी पहिल्यांदा चालू केली की जागच्या जागी थडथडायची, मध्येच आचके द्यायची, बंदही पडायची. "मिसिंग मारतेय," हे म्हणायचे. थोड्या वेळाने इंजिन तापलं की बाईसाहेब शहाण्यासारख्या चालायला लागायच्या. नाना पेठेतल्या गॅरेजात पोचेपर्यंत तर आवाज असा, की खोट काढायला जागा नाही. गॅरेजवाल्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, मुसलमान, मराठी आमच्याइतकंच स्वच्छ आणि टोमणेही आमच्यासारखेच. तो कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "काका, गाडी ठणठणीत आहे. तुम्हालाच काही होत नाही ना?"

होत होतं. आणि ते फक्त मला माहीत होतं.

सकाळी उठल्यावर ह्यांना काही सुधरायचं नाही. दाढीचा ब्रश हातात धरून पुढे काय करायचं, या विचारात उभे राहायचे. एकदा मुलीला शाळेसाठी उठवायला तिच्या खोलीत गेले. मुलगी लग्न होऊन कधीच नागपूरला गेलेली. ऊन वर आलं की पुन्हा सगळं ताळ्यावर यायचं. डॉक्टरांकडे नेलं ते संध्याकाळी, तर ह्यांनी त्यांनाच टायरमध्ये हवा किती ठेवावी यावर व्याख्यान दिलं. डॉक्टर हसून म्हणाले, "वहिनी, उगाच काळजी करता तुम्ही." घरी गोंधळ, आणि दाखवायला नेलं की काही नाही, गाडीचं आणि ह्यांचं एकच झालं होतं. कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर मलाच खुळ्यात काढलं असतं. मी आतल्या आत भिऊन असायची.

शेवटी गॅरेजवालाच म्हणाला, "रात्रभर इथेच ठेवा. सकाळी तुम्ही येईपर्यंत मी किल्लीसुद्धा लावत नाही. गार असतानाच बघू." आम्ही दोघांनी गाडी तिथे लावली आणि रिक्षाने घरी आलो. वाटेत रस्ता चुकीचा घेतला म्हणून ह्यांनी रिक्षावाल्याशी यथास्थित हुज्जत घातली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते, तेवढ्यात हे धापा टाकत जिना चढून आले. "अगं, गाडी चोरीला गेली!"

मला वाटलं थट्टा करतायत. म्हटलं, "चोर हुशार दिसतो. आपल्याला तर सकाळी चालू करता येत नाही."

हे हसले नाहीत. चौकीवर तक्रार द्यायला निघालेच. काल आपणच गॅरेजात ठेवून आलोय, असं मी परत परत सांगितलं, तर म्हणाले, "मला वेड्यात काढू नकोस!" मी वाद सोडला आणि सरळ थाप मारली, "सापडलीय. गॅरेजवाल्याकडे आहे. चला." लगेच निघाले.

गार इंजिन चालू केलं आणि गाडी थडथडायला लागली. हे बाह्या सरसावून पुढे झाले. प्लगची एकेक वायर काढून लावून पाहिली. प्रत्येक वेळी आवाज तेवढाच पडत होता. "चारही सिलिंडर चालतायत. प्लग नाही." मग चोक पाहिला. "हाही नाही." मग ऑइलचा डबा मागून घेतला आणि कार्बोरेटर जिथे बसवलेला असतो त्या सांध्यावर थोडं थोडं ऑइल सोडलं. थडथड थांबली.

"पॅकिंग गेलंय," हे म्हणाले. "गार असताना फट राहते, तिथून हवा ओढतंय. तापलं की फट मिटते."

"वा, काका!" गॅरेजवाला म्हणाला. मला तर काय करू नि काय नको असं झालं. ह्यांच्या डोक्याला काय धाड भरलीय! जाताना बुधवार पेठेत उतरून गणपतीला नारळ फोडायचा, असं मी तिथल्या तिथे ठरवूनसुद्धा टाकलं.

फडक्याला हात पुसत हे गाडीभोवती फिरले. बॉनेटवरून हात फिरवला. गॅरेजवाल्याला म्हणाले, "नवं पॅकिंग टाका. बाकी गाडी सुरेख ठेवलीय. मालक हौशी दिसतात. कुणाची आहे?"

गॅरेजवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"फार हौशी होते," मी म्हणाले. 'होते' कसं तोंडून गेलं, देव जाणे.

हे माझ्याकडे वळले. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला 'अगं' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. परक्या बाईशी बोलावं तसे अदबीनं, हळहळून म्हणाले, "अरेरे. कधी गेले हो?"

"नाही, आहेत," मी कसंबसं म्हणाले आणि तिथेच, सगळ्यांदेखत, मला रडू फुटलं.

"रडू नका," हे म्हणाले, आणि मला बसायला गॅरेजातली खुर्ची पुढे ओढून दिली.