ड्रायरची तक्रार

ड्रायर हे यंत्र मला तत्त्वतः मान्य नव्हतं. आजही नाही. बाहेर ऊन आणि वारा असताना कपडे एका पिंपात कोंडायचे, विजेवर भाजायचे आणि त्याला सोय म्हणायचं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मी नागपूरची. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर एका टोकाला चादर टाकून दुसऱ्या टोकापर्यंत जावं, तर पहिलं टोक वाळलेलं असतं.

२००७च्या ऑगस्टमध्ये लग्न होऊन मी कॅनडातल्या कनाटा या उपनगरात आले. नवरा टेलिकॉम कंपनीत इंजिनीअर. त्याआधी पाच वर्षं मी नागपुरात एका संघटनेत होते. वस्त्यांमधल्या नळांना पाणी मिळावं म्हणून आम्ही भांडायचो. पत्रकं लिहायची, झेरॉक्स काढायच्या, घरोघरी वाटायच्या, उरलेली भिंतींवर डकवायची, हे माझं काम. कुठल्याही वस्तीत कुठलंही दार वाजवलं की आतून पहिला शब्द यायचा, "ये, बस." मग चहा आणि त्यानंतर भांडण. दिवसाला मी पन्नास माणसांशी तरी बोलत असेन.

कनाटात नवरा साडेसातला जायचा आणि सहाला यायचा. मधल्या साडेदहा तासांत माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. वर्क परमिटला अप्लाय केलं होतं, ते यायचं होतं. रांगेतलं सातवं घर आमचं, भाड्याचं. गॅरेजची दारं आपोआप उघडायची, गाड्या आत जायच्या, दारं बंद व्हायची. माणसं दिसायचीच नाहीत, नुसत्या गाड्या दिसायच्या.

सकाळी फोनकार्ड खरवडून मी नागपूरला फोन लावायची. तिथे तेव्हा संध्याकाळ. आई दर वेळी विचारायची, "काय गं, कोणी येतं-जातं का तुमच्याकडे?"

"येतात की."

"कोण?"

"आहेत शेजारी. चांगले आहेत."

शेजारी चांगले असतीलही. मी त्यांना भेटलेच नव्हते.

घरात वॉशिंग मशीन नव्हतं, म्हणून सप्टेंबरात आम्ही ते घ्यायला गेलो. दुकान म्हणजे एक मोठी वखारच, त्यात पांढऱ्या मशीनच्या रांगा. टाय लावलेला एक विक्रेता आला. पन्नाशीचा, हसतमुख. आम्ही वॉशर पसंत केला. त्याने लगेच शेजारच्या मशीनवर थाप मारली. "आणि हा त्याचा जोडीदार."

"ड्रायर नको," मी म्हटलं.

"मॅडम, जोडी असते ती."

"असू दे. आम्हाला एकच हवा."

"मग कपडे कुठे वाळवणार?"

"हवेत."

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. "आणि विंटरमध्ये?" विक्रेत्याने विचारलं.

"का, विंटरमध्ये हवा नसते?"

तो मोठ्याने हसला. मी हसले नाही. मला तो विनोद वाटलाच नव्हता.

वॉशर दुकानाच्या माणसांनी गॅरेजमध्येच उतरवला, खाली नेऊन बसवला आम्ही दोघांनी. मागच्या अंगणात कुंपणापासून स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या हुकापर्यंत मी नायलॉनची दोरी बांधली. तीन आठवडे कपडे वाळले. सप्टेंबरातलं ऊन तिथे फार छान असतं. चौथ्या आठवड्यात घरमालकाकडून पत्र आलं. त्याला कॉम्प्लेक्सच्या कमिटीने कळवलं होतं आणि त्याने ते आम्हाला पुढे पाठवलं. बाहेरून दिसेल अशा रीतीने कपडे वाळत घालण्यास मनाई आहे, परिसराच्या सौंदर्याला बाधा येते, दोरी ताबडतोब काढावी.

सौंदर्याला बाधा! माझ्या धुतलेल्या ओढणीने! त्याच दिवशी आलेल्या विजेच्या बिलात वीज वाचवा म्हणून सांगणारा चकचकीत कागद होता. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि खरं सांगते, महिन्याभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. आता काम होतं. आता माणसांकडे जायला कारण होतं.

नवरा म्हणाला, "अगं, आपण भाड्याने राहतो. काढून टाक ना दोरी."

"मालक असतो तरी तू हेच म्हणाला असतास."

"हो, असतो. मला इथे राहायचंय."

"मला पण राहायचंच आहे, म्हणून तर हे करतेय."

दोन दिवस बसून मी इंग्रजीत पत्रक लिहिलं. वरती मोठ्या अक्षरांत, आज दोरी, उद्या खिडकी! खाली सात मुद्दे आणि शेवटी आवाहन: रविवारी चार वाजता आमच्या घरी सभा, सर्वांनी यावे, चहा व पोहे मिळतील. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "दोरीला तू इंग्रजीत 'रोप' लिहिलंयस, ते वाचून कोणाला फाशी देतायत असं वाटतंय."

"दिलीच पाहिजे."

"आणि पोहे काय असतं ते कोणाला माहितीय इथे?"

"येतील, खातील, कळेल."

लायब्ररीतल्या मशीनवर गुलाबी कागदावर साठ प्रती काढल्या. घरोघरी गेले. बेल वाजवली की आत कुत्रं भुंकायचं, पडदा हलायचा आणि पुढे काही व्हायचं नाही, मग मी पत्रक दाराच्या फटीत खोचायची. चार दारं उघडली. चौघांनीही कागद घेतला, "थँक्स, हॅव अ गुड वन," म्हणाले आणि दार लावलं. मी पाऊल उचललेलं असायचं. सवयच ती, दार उघडलं की आत जायची. प्रत्येक वेळी ते पाऊल मला मागे घ्यावं लागलं.

मग मी मराठी लोकांकडे वळले. गणपतीत एका शाळेच्या हॉलमध्ये एक काकू भेटल्या होत्या. सत्तरच्या दशकात नवऱ्यामागे आलेल्या, आता निवृत्त, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या. त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खळखळून हसल्या.

"अगं वेडे, दोरी बेसमेंटमध्ये बांधायची! आमच्याकडे तीस वर्षं आहे. ड्रायर पण आहे, तो पाहुण्यांना दाखवायला."

"पण काकू, लपवून कशाला? आपण काय चोरी करतोय?"

"चोरी नाही गं. पण लोकांच्या डोळ्यावर कशाला यायचं? आम्ही आलो तेव्हा तर फोडणीसुद्धा खिडक्या लावून द्यायचो."

"म्हणूनच म्हणते, रविवारी या. तुमच्यासारखं जुनं माणूस बोललं तर फरक पडेल."

"रविवारी? बघते हं. जमलं तर येते."

मराठी माणसाच्या 'जमलं तर'चा अर्थ मला ठाऊक होता. तरी मी त्यांना धरून वीस जणांचा अंदाज बांधला.

शनिवारी वीस-बावीस पत्रकं उरली होती. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सगळ्या घरांच्या टपालपेट्यांचा एकच पत्र्याचा खोका होता. दिवसातून एकदा प्रत्येक जण तिथे येणारच. नागपुरात अशी जागा मिळाली असती तर मी नाचलेच असते. घरी येऊन मैद्याची खळ शिजवली, अगदी संघटनेत शिजवायचो तशी, बोटाला चिकटेपर्यंत, आणि संध्याकाळी जाऊन खोक्याच्या चारी बाजूंना पत्रकं डकवली. तळहाताने दाबून, कडा नीट बसवून. एकही सुरकुती नाही. मागे सरून पाहिलं आणि ऊर भरून आला. त्या रात्री हंगामातलं पहिलं दव गोठलं.

रविवारी सकाळपासून तर्री केली. चण्याची, झणझणीत, वर बोटभर तेलाचा तवंग. दीड किलो पोहे भिजवले. बेसमेंटमधल्या खुर्च्या वर आणल्या, शिवाय जमिनीवर चादर अंथरली. नवरा कांदे चिरत होता. चार वाजले. सव्वाचार झाले. मी दार किलकिलं करून ठेवलं, म्हणजे कोणाला बेल वाजवायचा संकोच नको. थंडी आत यायला लागली तसं नवऱ्याने ते हळूच लावलं. मी पुन्हा उघडलं.

पावणेपाचला पायरीवर पाऊल वाजलं. मी धावले. दारात साठीचा एक उंच गृहस्थ. एका हातात माझं पत्रक, दुसऱ्या हातात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी, आणि पट्टीवर गुलाबी कागदाचा लगदा.

"तुम्हीच का त्या?" त्याने मवाळपणे विचारलं. "मी कमिटीवर आहे. ते खोक्यावरचं काढावं लागेल हं. मी सकाळपासून प्रयत्न करतोय. काय लावलंय काय तुम्ही त्याला?"

"मैदा," मी म्हटलं.

"मैदा." त्याने मान डोलवली. "सिमेंटसारखा बसलाय."

"आत या ना. बसून बोलू. तुमची बाजू पण मांडा."

त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. रिकाम्या खुर्च्या, चादर, वाफाळती पातेली. त्याला माझी कीव आली असावी, कारण त्याचा चेहरा एकदम पडला. त्याने भांडायला हवं होतं. त्याने आरडाओरडा केला असता तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. तो म्हणाला, "वास मात्र फार छान येतोय," आणि पायऱ्या उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी मी कोमट पाण्याची बादली घेऊन खोका घासत बसले. लोक गाडीतून येत होते, मला वळसा घालून टपाल काढत होते, जात होते. तर्री-पोहे आम्ही तीन दिवस खाल्ले. पुढच्या वर्षी प्रांताच्या सरकारनेच दोरीवरची असली बंदी उठवली. त्यात माझ्या पत्रकाचा काडीचा वाटा नव्हता.

दोरी काढली. काकूंचा बेसमेंटचा सल्ला मी ऐकला नाही. लपूनछपून वाळवायचं तर भांडलेच कशाला, हा माझा हेका. मग कपडे खुर्च्यांच्या पाठींवर पडायला लागले. नोव्हेंबरात नवऱ्याच्या शर्टांना कुबट वास यायला लागला. एके दिवशी ऑफिसातून येऊन त्याने कॉलर नाकाशी धरली आणि एवढंच म्हणाला, "चल." आम्ही त्याच दुकानात गेलो. त्या टायवाल्याने मला लांबूनच ओळखलं. "अरे, हवावाल्या मॅडम!" या खेपेला नवरापण हसला. मी ड्रायर घेतला. विकत घेतला म्हणजे मान्य केला असं नाही, हे मी गाडीत दोनदा सांगितलं.

तो बसवायला दोन माणसं आली. बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून ते खाली गेले, दहा मिनिटांत काम उरकून वर आले. मी चहा गाळलेला होता. "नो थँक्स, मॅम," म्हणत ते निघून गेले. दोन्ही कप मीच प्याले. आम्हा दोघांखेरीज त्या घरात शिरलेली ती पहिली माणसं होती.

फेब्रुवारी आला. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत चढला. नवऱ्याच्या ऑफिसात माणसं कमी केली होती, उरलेल्यांवर कामाचा ढीग, त्यामुळे तो आठ-आठला यायचा आणि जेवता जेवता पेंगायचा. एका आठवड्यात मी मोजलं, सोमवारपासून गुरुवारपर्यंत घराबाहेरच्या एकाही माणसाशी माझं बोलणं झालं नव्हतं. गुरुवारी सकाळी आईने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीचं उत्तर दिलं. फोन ठेवला. समोर ड्रायरचं वॉरंटीचं कार्ड पडलं होतं. मी तो नंबर फिरवला आणि सांगितलं की मशीन आवाज करतं.

ते करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिक आला. पांढऱ्या मिशा, जाड स्वेटर, हातात पत्र्याची पेटी. "कसा आवाज?" त्याने विचारलं.

"कट-कट," मी म्हटलं. "अधूनमधून."

त्याने मागचं झाकण काढलं, पट्टा तपासला, जाळीतला कापसासारखा गाळ काढला, दोन टॉवेल टाकून मशीन चालू केलं. "अधूनमधूनचा आवाज असेल तर थांबावं लागतं," तो म्हणाला आणि पेटीवर बसला. मी जिन्याच्या पायरीवर बसले.

आणि मी बोलायला लागले. नागपूर, गच्ची, नळ, दोरी, पत्र, खळ, सगळं. तो मध्येच "खरंच?" म्हणायचा. खळीच्या भागाला तो इतका हसला की त्याने चष्मा काढून पुसला. मग त्याने त्याच्या आईचं सांगितलं. शेतावरचं घर, भर हिवाळ्यातही ती कपडे बाहेरच घालायची. वडिलांच्या तुमानी गोठून फळीसारख्या व्हायच्या, ती त्या आत आणून भिंतीला टेकवून उभ्या करायची आणि चुलीच्या उबेने त्या हळूहळू गुडघ्यात वाकून खाली बसायच्या. "आम्ही पोरं पैज लावायचो, कोणती आधी बसते."

"तुम्ही आला असता का सभेला?" मी विचारलं.

"आमच्या गल्लीत असतीस तर आलो असतो," तो म्हणाला. "बायकोला पण आणलं असतं. तिला भांडायला आवडतं."

मशीन थांबलं. चाळीस मिनिटं झाली होती. आवाज आला नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्याने फॉर्म काढला, तक्रारीच्या रकान्यात 'आवाज' लिहिलं, खालच्या रकान्यात 'दोष आढळला नाही' आणि पेन माझ्याकडे दिलं.

पाच वर्षांत मी शेकडो तक्रारी लिहिल्या होत्या, महापालिकेला, पाणी खात्याला, पोलिसांना. त्यातली एकही खोटी नव्हती. ही होती. मी सही केली, सवयीप्रमाणे माझं नाव, मधलं नाव, आडनाव, सगळं पूर्ण.

"पुन्हा आवाज आला तर फोन कर," तो जिना चढता चढता म्हणाला. "फेब्रुवारीत बऱ्याच मशीनना येतो."

त्याची व्हॅन वळली तोपर्यंत मी खिडकीत उभी होते. मग खाली गेले, ड्रायर रिकामाच चालू केला आणि दाराला कान लावून बसले. पट्टा नीट होता. पिंप एका लयीत फिरत होतं. मी बराच वेळ ऐकलं. कुठेही काही बिघडलेलं नव्हतं.