बिनवासाची पावडर

आवारात तीसेक कॅम्पर गाड्या ओळीने उभ्या असत. आत पलंग, चिमुकला ओटा, बेसिन, फ्रीज, खिडक्यांना पडदे; चाकांवरचं बिऱ्हाडच म्हणा ना. माणसं दोन महिने हिंडून येत आणि उरलेले दहा महिने गाडी इथे ठेवून जात. माणसं उतरली की बिनभाड्याचे भाडेकरू आत शिरायला टपलेलेच: उंदीर, मुंग्या, झुरळं. त्यांना बाहेर ठेवण्याचं काम एकोणीस वर्षं मावशींकडे होतं.

मावशींची ख्याती होती ती नाकासाठी. दार किलकिलं करायचं, एक श्वास घ्यायचा आणि सांगून मोकळं व्हायचं, "ओट्यामागे उंदीर आहे. पण कालच आलाय, संसार अजून मांडायचाय." ओटा सरकवला की बोलल्याप्रमाणे निघायचं. डोळे मिटून घेतलेला तो श्वास त्या गरजेपेक्षा जरा जास्तच लांबवायच्या, हे खरं. पण ज्याच्याकडे कला असते त्याने थोडं मिरवलं तर कुणाचं काय जातं?

महिन्यापूर्वी मावशींना सर्दी झाली. आठवड्यात ती गेली, पण जाताना वास घेऊन गेली. दूध करपलं तरी कळेना. नवऱ्याचे मोजे उशाशी पडले तरी कळेना, हा एवढाच काय तो फायदा. नाकासाठी ठेवलेल्या बाईचं नाकच गेलं म्हटल्यावर आवाराची मालकीण आपल्याला कशाला ठेवील, असं मावशींना वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्यांनी डोळे मिटून श्वास घेणं तसंच चालू ठेवलं. प्रत्येक दारात उभ्या राहून त्या "साफ आहे" म्हणू लागल्या. एकोणीस वर्षांत कधी खोटं बोलावं लागलं नव्हतं, त्यामुळे ते त्यांना नीट जमतही नव्हतं.

अशात निवृत्त पोस्टमास्तरांचा निरोप आला, की शनिवारी सकाळी गाडी न्यायला येतो. गेल्या वर्षी भर रस्त्यात त्यांच्या बायकोच्या पायावरून उंदीर पळाला होता, वाटेतल्या कुठल्याशा मुक्कामात शिरलेला. "आणखी एक उंदीर दिसू दे, मी पुन्हा या गाडीत पाय ठेवायची नाही," असं तिने तिथेच बजावलं होतं. पोस्टमास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पाकिटांवर गावांची नावं वाचली होती. ती गावं आता बायकोला शेजारी बसवून बघायची, एवढीच त्यांची हौस उरली होती. या गाडीलाही मावशी "साफ आहे" म्हणाल्या खऱ्या, पण घरी गेल्यावर त्यांना चैन पडेना.

गुरुवारी त्यांनी नवऱ्याचा पावडरचा डबा पळवला. नवरा निवृत्त शिंपी. आंघोळीनंतर पावडर अशी थापायचा की खडूच्या कारखान्यातून सुटून आल्यासारखा दिसायचा. मावशींनी संध्याकाळी ती पावडर गाडीच्या फरशीवर भुरभुरली आणि दार लावून घेतलं. शुक्रवारी सकाळी बघतात तर बेसिनपासून पलंगापर्यंत टिचभर पावलांची रांग, आणि मधून शेपटीची रेघ. मावशींना धस्स झालं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. नाक नसतानाही तो सापडला होता.

दुपारच्या उन्हात त्यांनी सगळे पडदे ओढले आणि दार लावून फरशीवर बसल्या. डोळे अंधाराला सरावले तसा बेसिनखालच्या उघड्या कपाटात, पाइपाच्या कडेला, उन्हाचा एक ठिपका दिसला. हाच त्याचा दरवाजा. पलंगाखालच्या खणात महाशयांनी रस्त्यांचा नकाशा कुरतडून गादी केली होती. पावाचा तुकडा लावलेल्या पिंजऱ्यात तो दिवस मावळायच्या आत आला. मावशी त्याला नाल्यापलीकडे सोडून आल्या, भोकात तारेची घासणी कोंबली, वरून पत्रा ठोकला. खण धुतला आणि उरलेली पावडर पुन्हा सगळीकडे पसरली.

शनिवारी सकाळी पावडरीवर एकही पाऊल नव्हतं. हा उद्योग मालकिणीला दिसू नये म्हणून मावशींनी घाईघाईने फरशी झाडून काढली. बेसिनखालचं कपाट राहिलं, कारण तोवर पोस्टमास्तर बायकोसह हजर झाले.

बायको पायरीशीच थांबली. "मावशी, आधी तुम्ही वास घ्या. मगच मी चढणार."

मालकीण शेजारी उभी होती. मावशींनी उसनं अवसान आणलं, डोळे मिटले, लांबलचक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "कसलाही वास नाही. एकदम कोरी आहे."

पोस्टमास्तरांना एकापाठोपाठ तीन शिंका आल्या.

"मावशी," पोस्टमास्तरांची बायको म्हणाली, "गाडीत गुलाबाच्या पावडरीचा असा घमघमाट सुटलाय की माझं डोकं भणभणायला लागलंय. आणि तुम्हाला कसलाही वास नाही?"

मावशी पायरीवर बसल्या. नवऱ्याच्या पावडरीला वास असतो, हे त्या साफ विसरल्या होत्या.

"नाक गेलं, वहिनी," त्या म्हणाल्या. "महिना झाला." त्या मालकिणीकडे वळल्या. "ताई, तुमच्यापासूनही लपवलं. मला काढाल याची भीती वाटली." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मग त्या उठल्या, गाडीत शिरल्या आणि बेसिनखालचं कपाट उघडून म्हणाल्या, "पण उंदीर मी पकडलाय. तुमचा नकाशा तेवढा त्याने कुरतडला. भोक बुजवलंय. रात्री आत कुणी फिरलं असतं तर इथे पावलं दिसली असती. तुम्हीच बघा."

बायको दाराबाहेरूनच वाकली. पावडर सपाट होती. तिला तेवढ्याने समाधान होईना. तिने चपला काढल्या, आत आली, गुडघ्यावर बसली आणि कपाटात डोकं घालून कोपरा न् कोपरा पाहिला. "इतकी वर्षं तुम्ही नुसतं सांगायचात आणि आम्ही ऐकायचो," ती उठत म्हणाली. "आज स्वतः पाहिलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मग नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "बॅगा आणा. आणि तो नकाशा नवा घ्या."

फरशीवर राहिलेल्या पुसट पावडरीत तिची अनवाणी पावलं दारापासून बेसिनपर्यंत उमटली होती. मावशींनी तेवढी झाडली नाहीत.

गाडी फाटकाबाहेर गेली. मालकीण तडक कचेरीत निघून गेली, आणि नोकरी गेलीच असं धरून मावशी आपला डबा-पिशवी आवरू लागल्या. तासाभराने मालकीण पावडरचे सहा डबे घेऊन परतली आणि ते त्यांच्यापुढे ठेवले.

"बिनवासाची आहे म्हणे," ती म्हणाली.

मावशींनी सवयीने एक डबा नाकाशी नेला, मग ओशाळून खाली घेतला. "खरंच नाही ना वास?"

मालकिणीने डबा घेतला, डोळे मिटले आणि मावशींसारखाच लांबलचक श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली. "यापुढे वास मी घेत जाईन. बाकी सगळं तुम्ही बघा."