हळदीतला तपास

आमच्या शेजारच्या धोंडाबाई आधी माणसाचं कोपर बघायच्या, मग तोंड. नात शुभांगीच्या कोपरांवर खवले धरले, डॉक्टरांनी सोरायसिस सांगितलं, आणि तेव्हापासून त्यांचा तपास सुरू झाला. संशय एकाच घरावर, सून नूतनच्या पालीतल्या माहेरावर.

"आमच्या घरात सात पिढ्यांत न्हाई ह्ये," त्या साऱ्या आळीला ऐकवायच्या. "पालीवाल्यांनी लपवून पोरगी गळ्यात मारली. एकदा सापडू दे, कायमची माहेरी धाडते." नूतन खाली मान घालून भांडी घासायची. माझा जीव तुटायचा, पण धोंडाबाईंच्या तोंडी कोण लागणार?

यंदा नूतनच्या भावाचं लग्न निघालं. पालीत हळदीला धोंडाबाई वाटी घेऊन सगळ्यांच्या पुढं. नवरदेव राहिला बाजूला. मामा, काका, चुलत्या, एकेकाची बाही वर सरकवून त्यांनी कोपरं चोळली. पाहुणे म्हणाले, विहीणबाई काय हौशी! हौस कसली डोंबलाची. एकाच्याही कोपरावर काही निघालं नाही, तर परतताना म्हणतात कशा, "औषध लावून आले असत्याल."

दोन दिवसांनी शुभांगीला दाखवायला भोरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?"

धोंडाबाईंनी नूतनकडे बोट केलं. डॉक्टरीणबाईंची नजर त्या बोटावरच थांबली. नखावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते आणि खड्ड्याखड्ड्यात पालीची हळद बसली होती.

"आजी, डोक्यात कोंडा होतो?"

"जुना हाय. माज्या बाला बी हुता. जाड पोपडं निघायचं."

"मग नखांतले हे खड्डे आणि तो कोंडा, हा तोच आजार दिसतो. तो होण्याचा धोका आईकडून येतो, बापाकडूनही येतो, कधी मधली पिढी सोडून. धोका असला म्हणजे आजार होतोच असं नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि दोष तर कुणाचाच नसतो."

धोंडाबाईंनी सातही पिढ्या सासरच्या मोजल्या होत्या. आपणही त्या घरात दुसऱ्या गावाहून आलो, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

परतीच्या एसटीत त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मग सुनेकडे तिरकं बघत म्हणाल्या, "गोरखला सांगणार व्हय?"

नूतननं लेकीची बाही सारखी केली. "तुमच्या लेकाचं ऱ्हाऊ द्या, आत्या. आता माहेरी कुणी जायचं, तेवढं सांगा."

धोंडाबाईंच्या माहेरी आता दार उघडायलाही कुणी उरलेलं नाही.