भूल कोणाची?

भूलबाईंच्या डाव्या भुवईवर टाक्यांचा व्रण होता. एका रुग्णाच्या मेव्हण्यानं फेकलेल्या स्टुलाची ती निशाणी. रुग्ण बरा होऊन घरी गेला, व्रण मुक्कामाला राहिला. बाईंचं म्हणणं असं, की ऑपरेशन नीट पार पडलं तर लोक सर्जनचे हात धरून रडतात. बिनसलं की मात्र भूल देणारीची एकदम आठवण होते.

त्या दिवशी टेबलावर एक शाळकरी मुलगी होती. स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या तिच्या मज्जारज्जूतल्या पेशी लहानपणापासून झडत चालल्या होत्या. हातपाय काड्यांसारखे, श्वासाचे स्नायूही दुबळे. जीभ तेवढी धारदार. काकानं उचलताना ती निसटली आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून काका भिंतींवर बुक्क्या मारत फिरत होता. भिंतींची तक्रार नव्हती.

"स्नायू सैल करायचं नेहमीचं औषध द्या आणि मोकळ्या व्हा," सर्जन म्हणाला.

"त्यानं हिच्या रक्तातलं पोटॅशियम उसळेल, हृदय थांबेल. मग बाहेर सांगायला तुम्ही जाणार?"

सर्जन हात धुवायला गेला.

ऑपरेशन सुरळीत झालं, पण घशातली नळी काढायची बाईंनी घाई केली नाही. पोरगी पुरती जागी झाली, आपला आपण श्वास ओढू लागली, तेव्हा कुठे नळी काढून, दुबळी छाती दमू नये म्हणून त्यांनी श्वासाच्या मशीनचा मास्क तिच्या तोंडावर धरला. एव्हाना बाहेर काकानं सिस्टरला गाठलं होतं.

"इतका उशीर कशामुळे?"

"भुलीमुळे."

"भूल? कोणाची भूल?"

"आमच्या बाईंची. आणखी कोणाची असणार?"

सिस्टरनं खरं तेच सांगितलं होतं. दुसऱ्या क्षणी दाराची काच फुटली. काकानं आग विझवायचं नळकांडं उपसून औषधांच्या कपाटाचा चुरा केला, आडव्या आलेल्या वॉचमनचं नाक फोडलं आणि तो आत घुसला. सर्जनला पुन्हा हात धुवायची आठवण झाली.

"मारलीस माझी पोर!"

पहिला ठोसा बाईंच्या कानशिलात बसला, दुसऱ्यानं ओठ फाटला. बाईंचे दोन्ही हात मास्कवर होते. ते तिथेच राहिले. मग त्यानं मशीनला लाथ घातली. ते फरशीवर आदळलं आणि गप्प झालं.

मुलीची छाती दोनदा फडफडली आणि दमली. ओठ काळवंडू लागले. बाईंनी उशाशी ठेवलेली, हातानं दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी झटकन मास्कला जोडली. पण मास्क दाबून धरायला दोन हात लागतात, पिशवी दाबायला तिसरा. त्या रक्त थुंकल्या.

"मारून झालं असेल तर ही दाबा. ती मेलेली नाही. मरेल ती आता, तुमच्या लाथेनं."

काकाची वर उगारलेली मूठ तशीच राहिली. "माझ्या हातून... परत?"

"दाबा म्हणते ना! हळू. सोडा. दाबा."

काचेनं चिरलेल्या बोटांनी तो दाबू लागला. छाती वर आली, खाली गेली, वर आली. ओठांवर हळूहळू रंग आला. मुलगी मास्कखाली काहीतरी पुटपुटली. बाईंनी कान खाली नेला.

"काय म्हणाली?"

"काकाला म्हणावं, या वेळी सोडू नकोस."

पोलीस आले तेव्हा तो रडत पिशवी दाबत होता. हवालदारानं त्याची कॉलर धरली.

"थांबा हो," सुजलेल्या ओठांतून बाई म्हणाल्या. "दुसरं मशीन येऊ दे. मग न्या याला हवं तिथे."