नियंत्रित गटाची संध्याकाळ

एम.एड.ला संख्याशास्त्र असतं हे प्रवेश घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी प्रवेश घेतलाच असता. नळदुर्गच्या एका विनाअनुदानित शाळेत मी तेव्हा कितीतरी वर्षं शिकवत होते, आणि अनुदान आज येईल उद्या येईल म्हणता म्हणता माझ्या बरोबरच्या दोघीतिघी नोकरी सोडून घरी बसल्या होत्या. त्यातच कळलं की धाराशिवला एका अध्यापक विद्यालयात जागा निघणार आहे. उन्हाळ्यापर्यंत एम.एड. हातात पाहिजे आणि लघुप्रबंध चांगला झालेला पाहिजे. माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या शब्दाला तिथं वजन होतं. ती जागा मला पाहिजे होती. लाजायचं काय त्यात, आधीच सांगून टाकते.

शाळा सुटली की धाराशिवची एस.टी., आणि शनिवार-रविवार दिवसभर कॉलेज. उदाहरणं सोडवायला वेळ म्हणजे तो बसमधलाच. मांडीवर पर्स, पर्सवर वही, आणि तुळजापूरच्या पुढं रस्ता खराब लागला की आकडे एकमेकांच्या अंगावर. मध्यमान काढा, प्रमाण विचलन काढा, दोन गटांमधला फरक काढा, टी मूल्य काढा, मग कोष्टकात बघा. आपलं मूल्य कोष्टकातल्या मूल्यापेक्षा मोठं आलं तर फरक खरा धरायचा, लहान आलं तर तो योगायोगानंही आला असेल म्हणायचं. मी बीएला मराठी घेतलेली बाई. हातचा धरायचा राहून जायचा आणि पानभर मेहनत वाया जायची. शेजारी बसलेली एखादी म्हातारी विचारायची, "बाई, एवढा कशाचा हिशेब करतीस गं?" मी म्हणायचे, "अभ्यास आहे आजी." तिला ते पटायचं नाही. माझ्या वयाच्या बाईला कसला अभ्यास?

शून्य परिकल्पना मात्र मला पहिल्याच दिवशी समजली. काही केलं तरी फरक पडत नाही, असं आधी धरून चालायचं. मग माहिती गोळा करायची, आणि त्या माहितीनं ते खोटं पाडलं तरच ते सोडायचं. खोटं पाडता आलं नाही, तर फरक नाहीच असंही छातीठोक म्हणायचं नाही. फरक दाखवता आला नाही, एवढंच म्हणायचं. वर्गातल्या तरुण मुलींच्या डोक्यावरून जायचं हे. पण अनुदानाची वाट बघत तारुण्य घालवलेल्या बाईला काही केलं तरी फरक पडत नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

लघुप्रबंधासाठी मी प्रयोग घेतला. पाचवीच्या मुलांना अपूर्णांक कृतीतून शिकवले तर पुस्तकातून शिकवण्यापेक्षा जास्त समजतात का, असा साधा विषय. प्रयोगाला शाळा निवडली माझ्या माहेरची. जळकोटच्या पुढं आत गेलं की आमचं गाव. तिथले मुख्याध्यापक ओळखीचे होते, आणि रजा काढून आईकडं राहिलं की स्वयंपाकही सुटत होता. मुलांची पूर्वचाचणी घेतली, सारख्या गुणांच्या जोड्या लावल्या, आणि जोडीतलं कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. एक प्रायोगिक गट, त्याला नवीन पद्धत. दुसरा नियंत्रित गट, त्याला नेहमीचं खडू-फळा. सगळं नियमाप्रमाणं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट पुस्तकात लिहिल्यासारखी केली म्हणून मी मनातून खूश होते.

जाड कागद विकत घ्यायला नको म्हणून जुन्या लग्नपत्रिका जमवल्या आणि त्यांच्या पट्ट्या कापल्या. एक अख्खी पट्टी, मग तिच्या दोन अर्ध्या, तीन तिसऱ्या, चार पाव. प्रायोगिक गटातली मुलं त्या एकमेकींवर ठेवून बघायची, आणि कुणाच्या पाव पट्टीवर नुसतं 'चि. सौ. कां.' आलं की हसून लोळायची. पुढच्या तासाला नियंत्रित गट. तीच बाई, तोच धडा, पण हातात पुस्तक.

"बाई, आमाला पट्ट्या कवा?" एका मुलीनं विचारलं. गावातल्या शेतकरी घरची, पुढच्या बाकावरची पोर.

"तुम्हाला नाहीत."

"का?"

आता तिला काय सांगणार? चिठ्ठी तुझ्या विरोधात निघाली, हे खरं उत्तर होतं. "पुस्तक काढा," मी म्हणाले.

महिनाअखेरीला उत्तरचाचणी घेतली. दुपारी आईच्या ओट्यावर बसून हिशेब केला. दोन्ही गटांचे गुण चांगले वाढले होते, पण दोन्ही गटांचे सारखेच. टी मूल्य कोष्टकातल्या मूल्याच्या आसपासही नव्हतं. वाटलं, हातचा राहिला असेल. पुन्हा केलं. मग मोबाइलवर केलं. आई शेजारी शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "चेहरा का असा उतरला?" मी म्हणाले, "ऊन लागलं." उन्हाचा आणि माझा काही संबंध नव्हता, मी सावलीत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन नियंत्रित गटाचे पेपर पुन्हा बघितले तेव्हा लक्षात आलं. उत्तराच्या बाजूला मुलांनी छोट्या छोट्या पट्ट्या काढल्या होत्या. पुस्तकात पट्ट्या नाहीत. पुस्तकात कापलेली सफरचंदं आहेत. त्या पुढच्या बाकावरच्या मुलीला जवळ बोलावलं.

"पट्ट्या कुठं बघितल्या गं?"

"विहारात." ती अगदी सहज म्हणाली. "आण्णांच्या वर्गात."

आण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.त ड्रायव्हर होते. मी शाळेत होते तेव्हापासून ते आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मुलांचा वर्ग घेतात. रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, आणि वेळेच्या बाबतीत अजूनही डेपोसारखी शिस्त. स्वतः फारसं शिकवत नाहीत. त्यांचा नियम एकच. दिवसा शाळेत ज्याला जे नवीन समजलं, ते त्यानं संध्याकाळी उभं राहून बाकीच्यांना समजावून सांगायचं. सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही. मी त्याच वर्गात वाढले, सातवीत असताना तिथंच दुसऱ्यांना व्याज शिकवलं, आणि प्रयोग आखताना नेमका तोच वर्ग विसरले. लेकीच्या जातीनं माहेर विसरावं ते असं. दोन गट एकमेकांपासून वेगळे राहिले पाहिजेत हे मी शाळेच्या भिंतीपुरतं पाहिलं होतं, आणि इकडं प्रायोगिक गटातली वस्तीतली पोरं रोज पट्ट्या दप्तरात घालून विहारात नेत होती.

पण ती मुलगी वस्तीतली नव्हती. गावातलं लेकरू विहाराच्या पायरीवर बसलेलं मी माझ्या लहानपणी एकदाही पाहिलं नव्हतं. कुणी मनाई केली होती असं नाही, तोंडानं कुणी काही म्हणतही नव्हतं. येत नव्हते एवढंच. पट्ट्यांसाठी मात्र आली. आईनं सांगितलं, आधी चारपाच पोरं विहारासमोरच्या बाभळीखाली उभं राहून बघायची, मग पायरीवर बसली, मग एक दिवस आण्णांनी चटई पुढं सरकवली आणि ती आत आली. महिनाभर मी त्याच घरात होते, पण संध्याकाळी कॉलेजला असायचे, आणि आण्णांनीही मला हे सांगितलं नव्हतं. बोललं तर दृष्ट लागेल असं वाटलं असेल.

मी धाराशिवला जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या चांगल्या बाई. आकडे इकडचे तिकडे करा असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, म्हणणारही नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "हे बघा, गट मिसळले, त्यामुळं निष्कर्षाला अर्थ राहिला नाही. अजून वेळ आहे. आता दशांश अपूर्णांक घ्या, तेच गट ठेवा, आणि तेवढे पंधरा दिवस तो संध्याकाळचा वर्ग बंद ठेवायला सांगा. वडीलच आहेत ना तुमचे? मग अडचण काय?"

अडचण काहीच नव्हती. परतीच्या बसमध्ये मी तेच मनात घोळवत होते की खरंच, काही अडचण नाही.

घरी पोहोचले तेव्हा आण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आणि चष्मा लावून एका लग्नपत्रिकेच्या पट्ट्या कापत होते. गावातल्या पोरांना कमी पडतात म्हणाले. मी हातपाय धुतले, पाणी प्याले आणि सरळ सांगून टाकलं. दोन गट, प्रयोग, टी मूल्य, पंधरा दिवस. ड्रायव्हर माणूस, मध्ये न बोलता ऐकायची सवय. ऐकून झाल्यावर त्यांनी कात्री खाली ठेवली.

"म्हंजी तुला फरक पाहिजे व्हता."

"हो."

"पोरापोरांत."

"पोरांत नाही आण्णा. शिकवण्यात. शिकवण्याचा फरक."

"पर दिसणार तर पोरांतच की."

खरं तेच होतं.

"त्यावर तुझी नोकरी हाय?"

"बरीचशी."

"मग ठिवू बंद. उद्यापासून. त्यात काय लई मोठं."

इतक्या पटकन हो म्हणाले की मलाच राग आला. भांडले असते तर मीही भांडले असते. त्यांच्या वर्गानं माझं कसं नुकसान केलं ते ऐकवलं असतं. पण ते उठले आणि आईला म्हणाले, लेक दमून आलीया, वाढ आधी.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी त्यांच्यामागून विहाराकडं गेले. कशाला गेले कुणास ठाऊक. वर्ग खरंच बंद राहतो का हे बघायला असेल. संशोधकानं नियंत्रण ठेवायचं असतं. आण्णांनी दाराला कुलूप घातलं आणि पायरीवर उभे राहिले. पोरं आली. "गाडी पंधरा दिवस डेपोत," आण्णा म्हणाले. "दुरुस्ती हाय. पळा खेळायला." वस्तीतली पोरं ओरडत पळाली. त्यांना काय, पंधरा दिवसांनी विहार तिथंच असणार होता.

गावातली तिघंचौघं मात्र हलली नाहीत. जराशानं तीही गेली. राहिली ती पुढच्या बाकावरची मुलगी. दप्तर छातीशी धरून उभी.

"जा की बाळा," आण्णा म्हणाले. "चालू झालं की यायचं परत."

"मग न्हाय येऊ द्यायचे," ती म्हणाली.

"का गं?"

"आज्जी म्हणलीया, पट्ट्याचं चाललंय तवर जा. एकदा बंद झालं की न्हाय जायचं. मग उगं कशाला जायचं तिकडं, म्हणती."

तिनं हे कुणाची तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. पाऊस आला की खेळ बंद, तसं सांगितलं. आण्णा नुसतं "बरं" म्हणाले. चावी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्त्याकडं बघत राहिले. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं, एक अक्षर बोलले असते, तर मी पंधरा दिवस नेटानं काढले असते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत आलेली ती पोरं परत जात होती आणि हा माणूस माझ्यासाठी गप्प उभा होता.

मी फार दमले होते. बसनं दमले होते, आकड्यांनी दमले होते, आणि आता हे. पोटातून रडू येत होतं आणि ते त्या मुलीसमोर यायला नको होतं.

"उघडा आण्णा," मी म्हणाले.

"तुझी नोकरी?"

"उघडा म्हणते ना."

मी हे प्रेमानं म्हणाले नाही. चिडून म्हणाले, आणि ती अख्खी संध्याकाळ चिडलेलीच होते. आण्णांवर, त्या मुलीवर, तिच्या आज्जीवर, लग्नपत्रिकांवर. आण्णांनी कुलूप काढलं, मुलीनं पळत जाऊन बाकीच्यांना हाका मारल्या. मी आत गेले नाही. बाभळीखाली दगडावर बसून राहिले. आतून कुणीतरी मोठ्यानं सांगत होतं की दोन पाव म्हणजे एक अर्धा, आणि कुणाला तरी ते पटत नव्हतं.

अहवालात मी जे आलं ते लिहिलं. दोन्ही गटांत सार्थक फरक आढळून आला नाही, आणि त्याचं कारण अमुक. मॅडमनी सही केली. त्या म्हणाल्या, "प्रामाणिक आहे, पण प्रयोग म्हणून कच्चा आहे." त्यांचं बरोबर होतं. ती जागा दुसऱ्या एकीला मिळाली. तिचा प्रबंध खरोखर चांगला होता, मी वाचलाय. मला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. चांगलं वागलं की झोप छान लागते असं म्हणतात. मला त्या उन्हाळ्यात कुठलीच झोप धड लागली नाही. शाळेला अनुदान अजून यायचंय. गावातली पोरं विहारात अजून येतात, कमीजास्त.

तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. पांढरे केस, शांत आवाज. जागा गेल्याचं मला तोवर कळलं होतं, त्यामुळं भीतीही वाटत नव्हती. त्यांनी अहवालाचं शेवटचं प्रकरण उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"गट मिसळल्याचं तुमच्या लक्षात वेळेत आलं होतं. मग तो संध्याकाळचा वर्ग बंद ठेवून पुन्हा प्रयोग का नाही केलात?"

शेजारी मॅडम बसल्या होत्या. त्यांनीही मान वर केली.

"ठेवला होता सर बंद," मी म्हणाले.

"किती दिवस?"

"दहा मिनिटं," मी म्हणाले. "त्याच्यापुढं माझ्यानं झालं नाही."