मिस्त्रीकाकांचा गुण्या

कोणाबद्दल लिहावं एवढं माझं वाचन नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे काही लिहिलेलं नाही. म्हणून आधीच माफी मागते. पण मिस्त्रीकाकांबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

घाटकोपरला बाबांचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. कॉलेज सुटलं की मी तिथे बसते. समोरच्या गाळ्यात मिस्त्रीकाकांचं सुतारकाम चालायचं. हत्यार घ्यायला आले की ते कानामागची पेन्सिल काढत आणि म्हणत, "उलटो करून बघूक व्हया."

उलटा करायचा तो गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. जाड दांडा आणि त्यात आडवी बसवलेली पोलादी पट्टी. काका आमच्या काउंटरच्या कडेला दांडा टेकवून रेघ मारत, मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. केसभर फाकल्या तरी "खोटो" म्हणून बाजूला. काउंटरची कड सरळ होती, हे आमचं दुर्दैव.

मोजायच्या टेपचं तर विचारू नका. बाहेरचा सुतार कामाला आला की काका सकाळीच त्याची टेप आपल्या खिशात घालत. दोन टेपांचं कधी पटत नाही, एका कामाला एकच टेप, असा त्यांचा नियम. तो बिचारा टेप हरवली समजून आमच्याकडे यायचा. बाबा त्याला नवी विकायचे. तीही काकांच्या खिशात जायची.

मग एक दिवस त्यांचा जुना गुण्या लादीवर पडला आणि खोटा झाला. वेळ वाईट होती. गाळा बंद करून ते कायमचे गावी निघाले होते, आणि त्याआधी गावच्या घराचं दार इथेच बनवायचं होतं. तिथलं जुनं दार कधीच नीट लागायचं नाही. गावी राहणाऱ्या काकी रोज रात्री त्याला आतून धोंडा लावायच्या. काकींनी फोनवर निक्षून सांगितलं होतं, "लोकांची दारां करण्यात जल्म गेलो. आता आपला दार धड लागल्याशिवाय जेवूक वाढूचंय नाय."

हे काकांनी आम्हाला अगदी गंभीरपणे सांगितलं. मग त्यांनी आमच्याकडचे सगळे गुण्ये खोटे ठरवले. बाबांनी दुसऱ्या कंपनीचे मागवले. त्यांचीही तीच गत.

"मिस्त्री, गुण्या बघताय की मुलगी?" बाबा वैतागले.

"बायको बघताना येवढो येळ घेतलंय नाय. म्हणान तर आता घेतंय."

शेवटी एक गुण्या खरा निघाला. काकांचा विश्वास बसेना. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "तू मार गो चेडवा. माझो हात खोटो असात."

मी एक रेघ मारली, गुण्या उलटा करून दुसरी. दोन रेघांची एकच झाली. काकांनी गुण्या पंच्यात गुंडाळला आणि तान्हं मूल न्यावं तसा घेऊन गेले. दार बनलं, चारही कोपरे गुण्यात, म्हणजे अगदी काटकोनात. टेम्पोत चढताना तेही गोधडीत होतं.

पुढे कितीतरी दिवस काहीच कळलं नाही. काका जेवतात की नाही, याची मला खरंच काळजी लागली होती. परवा त्यांचा फोन आला.

"काका, दार लागलं?"

"लागता मा. पण पयल्यांदा बसाकच नाय. दार बरोबर. चौकट वाकडी."

उंची-रुंदी त्यांनी स्वतः मापून आणली होती. चौकटीच्या कोपऱ्याला गुण्या मात्र कधी लावला नव्हता.

"मग चौकट काढलीत?"

"बापाशीन बसवलेली. ती कशी काढू? दारच तासलंय. आता केसभर वाकडा आसा. पण झकास लागता."

मागून काकींचा आवाज आला, "जेवूक येतास मा?"

"इलंय," काका म्हणाले. मग हळूच मला, "दार गुण्यात नाय, ता तुझ्या बापाशीक सांगू नको हां."

फोन स्पीकरवर होता. बाबा काउंटरवरच्या रेघांवरून बोट फिरवत ऐकत होते.