शब्दाची खुंटी

टळटळीत दुपार आहे. वैजयंता वडिलांच्या, अण्णांच्या कॉटवर आडवी होते. उशी हाताशी नाही म्हणून हॉस्पिटलातून परत आलेली कापडी पिशवीच ती डोक्याखाली घेते. अण्णांना जाऊन आज सोळा दिवस झाले, पण ती पिशवी सोडायला कुणाचा हात गेलेला नाही. कानाखाली काहीतरी टणक टोचतंय. कूस बदलावी असं तिच्या मनात येतं, पण चार दिवसांची राहिलेली झोप आता कुणाचं ऐकत नाही.

चार दिवसांपूर्वी तिने मोबाइलवर एका इंग्रजी शब्दाचा अर्थ शोधला होता. तो तीन आठवडे आधी शोधला असता, तर अण्णा याच कॉटवर गेले असते.

"आजचा शब्द?"

आवाज कॉटच्या पायथ्याकडून येतो. तिथे अण्णा, म्हणजेच जगदाळे मास्तर, बसलेत, पांढरा सदरा, खिशाला लाल पेन्सिल. छत्तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि घरात रोज सकाळी चहाच्या आधी एक शब्द. आधी अर्थ, मग खुंटी, मग वाक्यात उपयोग. खुंटी ही त्यांची स्वतःची युक्ती. परका शब्द डोक्यात टिकायचा तर तो आपल्या शब्दाला अडकवायचा. अबंडंट म्हणजे विपुल, त्याची खुंटी 'अबब'. अर्ध्या तालुक्याची पोरं असल्या खुंट्यांना लटकून पास झाली. मास्तरांची स्वतःची लेक तेवढी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा उडाली आणि पुढे अंगणवाडीत 'अ अननसाचा' म्हणत राहिली.

"ऊठ, वैजू. वर्ग भरलाय."

ती उठते तर खरंच वर्ग आहे. बाकांच्या जागी लोखंडी खाटा आहेत, प्रत्येक खाटेशी सलाइनचा स्टँड. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलंय, पट चौतीस, हजर एक.

"अण्णा, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. म्हणून शिकवायचं नाही, असं कुठं आहे? शब्द सांग."

"पॅलेटिव्ह."

"पॅ-लि-ए-टिव्ह. तेव्हाही सांगितलं होतं."

तेव्हाही सांगितलं होतं, हे खरं आहे. हॉस्पिटलातला अकरावा दिवस होता. डॉक्टर व्हरांड्यात म्हणाले, मास्तरांना आता पॅलिएटिव्हला हलवू, आता त्यांना त्रास होणार नाही. वैजयंताने मान हलवली. मास्तरांची लेक असून इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायचा, तर लाज वाटली. त्रास होणार नाही एवढं तिला पुरलं, आणि खाटेपाशी पोचेपर्यंत तिला खुंटीसुद्धा सापडली.

"अण्णा, नवीन उपचार सुरू करतायत, पॅलेटिव्ह म्हणून. खुंटी सांगू? पालवी."

अण्णा तीन दिवस घरी ने, घरी ने म्हणत होते. ती त्यांचा हात धरून म्हणाली, "बरे झालात की लगेच घरी." त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तिचा उच्चार तेवढा सुधारला. त्यानंतर त्यांनी घराचं नाव काढलं नाही. पुढे नवव्या दिवशी सकाळी ती खाली चहा घ्यायला गेली तेव्हा ते गेले. जवळ कुणी नव्हतं.

"खुंटी?" मास्तर विचारतात.

"नका ना विचारू."

"बरं, चल. चालता चालता सांग."

दोघं वॉर्डाच्या व्हरांड्यातून निघतात. फिनेलचा वास येतोय आणि फरशी पायाखाली हळूहळू माती होते. पुढे त्यांचीच गल्ली आहे, पिठाची गिरणी, तिच्या पलीकडे घर. अण्णा दाराशी चपला काढतात, एकीशेजारी एक, नेहमीसारख्या नीट. आता आत गेले की झालं, तिला वाटतं. एवढंच तर राहिलं होतं. तिला म्हणायचं असतं, चला की आत, अण्णा. पण तोंडातून निघतं ते भलतंच.

"बरे झालात की लगेच घरी."

दार उघडतं. आत वॉर्ड आहे.

अण्णा मुकाट्याने चपला घालतात. पुन्हा व्हरांडा, पुन्हा गिरणी, पुन्हा दार. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या खेपेला ती दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरते, तरी बोटांच्या फटीतून ते बाहेर येतंच.

"तुम्हाला अर्थ ठाऊक होता," ती म्हणते.

"छत्तीस वर्षं शिकवलं, वैजू."

"मग सांगायचं होतंत. अख्ख्या तालुक्याच्या चुका काढल्यात. माझीच तेवढी राहिली?" तिला राग येतो. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण ती चिडते.

अण्णा दाराच्या उंबऱ्यावर बसतात. त्यांच्या हाताला सलाइनची सुई अजून तशीच आहे.

"पालवी नव्हे गं. पालव," ते म्हणतात. "पालव म्हणजे पदर. माणूस बरा होणार नसला की देतात ते औषध, दुखणं बरं करत नाही, नुसतं झाकतं. आता वाक्यात उपयोग कर."

ती तोंड उघडत नाही. उघडलं तर काय निघेल ते तिला माहीत आहे.

"राहू दे," अण्णा म्हणतात. "तुला मार्क दिलेत मी. वहीत बघ."

"कुठल्या वहीत?"

कानाखाली टोचतंय.

वैजयंता उठून बसते. चार वाजून गेलेत. गालावर हात फिरवते तर एक सरळ, खोल वळ हाताला लागतो. ती पिशवीची गाठ सोडते. चष्मा, टॉवेल, आणि तळाशी जाड पुठ्ठ्याची वही. लाल पेन्सिल आतच अडकवलेली.

शेवटच्या भरलेल्या पानावर त्या अकराव्या दिवसाची तारीख आहे. सुईच्या हाताने लिहिलेलं, त्यामुळे अक्षरं ओळ सोडून खाली घसरलीत. वर तो शब्द. त्याखाली तीन ओळी.

अर्थ : आता घरी नेले तरी चालते.

खुंटी : पालवी.

वाक्य : 

तिसऱ्या ओळीपुढे काही नाही. पण पालवीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण आहे, चांगली ठसठशीत. एक अक्षर चुकलं तरी अर्धा मार्क कापणारा माणूस, आणि धडधडीत चुकीच्या उत्तराला त्याने बरोबर केलंय.

ती खूण पाहून तिला रडू कोसळतं. कुणी ऐकेल म्हणून ती टॉवेल तोंडात धरते.

बऱ्याच वेळाने ती पेन्सिल उचलते. अण्णांनी तपासलेला पेपर ती पुन्हा तपासते. बरोबरच्या खुणेवर फुली मारते, पालवी खोडते, शेजारी पालव लिहिते. मग तिसऱ्या ओळीवर सावकाश, अंगणवाडीच्या फळ्यावर लिहावं तसं गोल अक्षरात लिहिते, अण्णांना घरी न्यायचे राहिले.

ती ते दोनदा वाचते. वाक्यात शब्दच वापरलेला नाही. अण्णांनी शून्य दिलं असतं.